बक्षिसं नकोत, प्रोग्रॅमिंगचा कागद द्या

चिप विकणाऱ्या कंपन्यांच्या विक्री विभागात एक हिशेब वर्षानुवर्षं मांडला जातो. आपल्याकडे सेमीकंडक्टरचं वारं वाहायला लागल्यापासून आपले सल्लागारही तो तोंडपाठ म्हणून दाखवू लागले आहेत. हिशेब असा : वॉशिंग मशीन बनवणारा एक कारखाना लाखांच्या संख्येत मायक्रोकंट्रोलर उचलतो. हौशी माणूस घेतो पाच, त्यांतले दोन जाळतो आणि उरलेल्या तिन्हींवरून पंधरा प्रश्न विचारतो. असल्या माणसाने घरी बसून शे-दोनशे रुपयांत प्रोग्रॅमर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्रॅम उतरवणारं यंत्र, जोडला, तर कंपनीने त्याला मदत का करावी? त्याच्यापायी कंपनीचा स्वतःचा, काही हजारांचा प्रोग्रॅमर दुकानात पडून राहणार. फारच उदार व्हायचं तर वर्षातून एक स्पर्धा ठेवावी, शंभर बोर्ड फुकट वाटावेत, टी-शर्ट द्यावेत, फोटो छापावेत. हौशी खूश, कंपनी मोकळी.

हा हिशेब पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फसलेला आहे, असं माझं म्हणणं आहे. त्यातही शेवटची ओळ, म्हणजे स्पर्धा आणि फुकट बोर्ड, मला जास्त खटकते. मदत नाकारणारी कंपनी निदान सरळ नाकारते. बक्षीस वाटणारी कंपनी मात्र जे द्यायला हवं ते न देता दिल्याचं समाधान मिळवते.

ज्यांनी चिप लिहिण्याचं काम हाताने केलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मायक्रोकंट्रोलर दुकानातून येतो तेव्हा कोरा असतो. आपण संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम हेक्स फाइल होऊन त्याच्या मेमरीत उतरवावा लागतो. पोरं त्याला ‘बर्न करणं’ म्हणतात. हे उतरवण्याचं जे यंत्र, तो प्रोग्रॅमर. कोणत्या पिनेवर किती व्होल्ट द्यायचे, कोणता आदेश कोणत्या क्रमाने पाठवायचा, प्रत्येक बाइटनंतर किती वेळ थांबायचं, लिहिलेलं परत वाचून कसं पडताळायचं, हे सगळं प्रोग्रॅमिंग स्पेसिफिकेशन नावाच्या एका कागदात असतं. तो हातात असला तर प्रोग्रॅमर म्हणजे दोन-चार सुटे भाग आणि संगणकावरचा एक छोटा प्रोग्रॅम. नसला तर तेच यंत्र भिंत होऊन उभं राहतं. चिप विकून तिचा हा कागद दाबून ठेवणं म्हणजे शिलाई मशीन विकून सुईचं माप गुपित ठेवण्यासारखं आहे.

‘हौशींची खरेदी किती?’ या प्रश्नाला इतिहासाने एकदा नाही, तीनदा उत्तर दिलं आहे. पहिलं उत्तर मायक्रोचिप कंपनीच्या पीआयसी१६सी८४ या चिपचं. ती १९९३ साली आली. तोवरच्या बहुतेक मायक्रोकंट्रोलरचं दुखणं असं, की एक तर ते एकदाच लिहिता येत, नाहीतर त्यांच्या डोक्यावर काचेची खिडकी असे आणि पुसायला अतिनील दिव्याखाली दहा-वीस मिनिटं ठेवावे लागत. ८४ मात्र विजेनेच पुसता येई आणि दोन तारांवरून लिहिता येई. आणखी एका पिनेवर तेवढे बारा-तेरा व्होल्ट द्यायचे. मायक्रोचिपने तो कागद उघड छापला. मग डेव्हिड टेट यांनी पॅरलल पोर्टवर चालणारा प्रोग्रॅमर आखून सगळ्यांना मोकळा केला. डेन्मार्कच्या येन्स मॅडसेन यांचा जेडीएम प्रोग्रॅमर तर वेगळा वीजपुरवठाही मागत नसे. संगणकाच्या सिरियल पोर्टमधूनच तो आपले व्होल्ट गोळा करी. एक-दोन ट्रान्झिस्टर, काही डायोड, संपलं. ही चिप आणि तिची पुढची आवृत्ती १६एफ८४ जगभरच्या हौशी टेबलांवर पोचली, ती या फुकट आराखड्यांच्या जोरावर.

दुसरं उत्तर अ‍ॅटमेलचं, आणि तिथे जरा थांबायला हवं, कारण कागद उघडा ठेवण्याची किंमत आणि फळ दोन्ही त्यात स्पष्ट दिसतात. त्या कंपनीची एव्हीआर ही मायक्रोकंट्रोलर मालिका नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आली. तिच्या डेटाशीटमध्येच मेमरी कशी लिहायची याचं अख्खं प्रकरण असे. आदेशांचा तक्ता, वेळा, सगळं. वेगळा करार नाही, ‘गुप्तता राखीन’ म्हणून सही नाही. ब्रायन डीन यांनी फ्रीबीएसडीवर स्वतःच्या गरजेपोटी एक प्रोग्रॅम लिहिला, त्याचा पुढे एव्हीआरड्यूड झाला. त्यात प्रत्येक चिपचं वर्णन एका साध्या मजकुराच्या फाइलीत आहे : ओळख-क्रमांक कोणता, पान किती बाइटचं, थांबायचं किती. नवी चिप आली की त्या फाइलीत एक परिच्छेद वाढवायचा. जर्मनीच्या थॉमस फिशल यांनी एका एटीमेगा चिपवर सॉफ्टवेअरनेच यूएसबी बोलायला लावून यूएसबीएएसपी बनवला. पॅरलल पोर्ट लॅपटॉपवरून गायब झाले तेव्हा हौशींना त्याच यंत्राने तारलं.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. अ‍ॅटमेलचा स्वतःचा एक किट होता, एसटीके५००. संगणक आणि तो किट आपसात कोणत्या भाषेत बोलतात, हेही अ‍ॅटमेलने अ‍ॅप्लिकेशन नोट काढून जाहीर केलं. कुणी म्हणेल, हे कशाला? चिपचा कागद दिला तेवढं पुरे झालं, किटची आतली भाषा कशाला उघडी करायची? २००५ साली इटलीतल्या इव्हरेआच्या डिझाइन शाळेत आर्डुइनो हा बोर्ड जन्माला आला, तेव्हा त्याच्या बूटलोडरने, म्हणजे चिपमध्ये आधीच बसवलेल्या आणि नवा प्रोग्रॅम उतरवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, तीच एसटीके५००ची भाषा उचलली. त्यामुळे संगणकाच्या बाजूला नवं काही लिहावंच लागलं नाही. आधीपासून असलेली एव्हीआरड्यूडसारखी साधनं बोर्डाशी जशीच्या तशी बोलू लागली. आज शाळेतलं पोर एव्हीआर चिपच्या आर्डुइनोवर ‘अपलोड’चं बटण दाबतं, तेव्हा आत तोच एव्हीआरड्यूड धावतो. एका हौशी साधनाने एका उघड्या कागदाचा हात धरला आणि त्यावर आख्खी आर्डुइनोची दुनिया उभी राहिली. त्या दुनियेतल्या सुरुवातीच्या प्रत्येक बोर्डावर चिप होती अ‍ॅटमेलचीच.

आता मला सांगा, विक्री विभागाच्या तक्त्यात हे कोणत्या रकान्यात बसतं? ‘हौशी ग्राहक : पाच नग’ या रकान्यात तर नक्कीच नाही.

आपल्याकडेही हेच घडलं, फक्त लहान प्रमाणावर. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर शिकवला जाई, आणि एटी८९सी५१ ही चिप बर्न करायला लागणारा महागडा प्रोग्रॅमर बऱ्याच ठिकाणी कपाटात कुलूपबंद असे. चावी लॅब असिस्टंटकडे. एटी८९एस५२ आली, तिला जागेवरच, सर्किटमधून न काढता लिहिता यायला लागलं, आणि पोरांनी एका बफर चिपच्या आणि प्रिंटरच्या कनेक्टरच्या मदतीने आपापली केबल जोडली. लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत पुढे तयार यूएसबीएएसपी मिळू लागले. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पातला फायरबर्ड ५ रोबोही एटीमेगा२५६०वरच चालतो. यातली किती पोरं पुढे कंपन्यांत जाऊन चिप निवडण्याच्या खुर्चीवर बसली याचा आकडा माझ्याकडे नाही; पण नवीन उत्पादनाचा पहिला नमुना करायचा असतो तेव्हा इंजिनिअर हात घालतो तो ओळखीच्या चिपलाच, हे या धंद्यात काम केलेला कुणीही सांगेल. त्या कारखान्याची लाखाची ऑर्डर आभाळातून पडत नाही. ती कुणातरी एकाच्या टेबलावर, कधीतरी मध्यरात्री जोडलेल्या नमुन्यातून सुरू होते.

तिसरं उत्तर शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीचं. २०१४ मध्ये ईएसपी८२६६ बाहेर आला तेव्हा माहिती तुटपुंजी होती आणि जी होती ती चिनी भाषेत. एआय-थिंकर कंपनीच्या स्वस्त मॉड्यूलवर ती चिप बघून हौशी लोक तुटून पडले. कागदपत्रांची भाषांतरं झाली. फ्रेड्रिक आल्बर्ग यांनी ईएसपीटूल लिहिलं. एक पिन जमिनीला जोडून चिप चालू केली की तिच्या रॉममधला बूटलोडर सिरियल पोर्टवर कान देऊन बसतो, आणि ईएसपीटूल त्याच्याशी बोलतं. वेगळा प्रोग्रॅमर नकोच. एस्प्रेसिफपुढे दोन वाटा होत्या : ‘हे अनधिकृत आहे’ म्हणून नाक मुरडायचं, नाहीतर दार उघडायचं. त्यांनी त्याच वर्षी एसडीके, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिण्याचा संच, मोकळा केला. ईएसपीटूल सांभाळणाऱ्या अँगस ग्रॅटन यांना आणि आर्डुइनोत ही चिप आणणाऱ्या इव्हान ग्रोखोत्कोव्ह यांना त्यांनी नोकरीच दिली. ईएसपीटूल आज कंपनीचं अधिकृत साधन आहे आणि तरीही खुल्या परवान्याखाली आहे. २०१९ मध्ये कंपनी शांघायच्या शेअर बाजारात उतरली. सगळं श्रेय हौशींना द्या असं मी म्हणत नाही. चिप स्वस्त होती, वायफाय अंगात होतं. पण स्वस्त वायफाय चिपा इतरांच्याही होत्या.

आता उलट बाजूचं उदाहरण. तैवानच्या पडाउक कंपनीची पीएमएस१५०सी ही चिप ‘तीन सेंटचा मायक्रोकंट्रोलर’ म्हणून गाजली. तीन सेंट म्हणजे आपल्याकडचे अडीच-तीन रुपये. चहासुद्धा येत नाही. तिला लिहिणारा कंपनीचा प्रोग्रॅमर मात्र चिपच्या किमतीच्या हजारपटीहून महाग, कंपायलर कंपनीचाच, त्याची भाषाही सीसारखी पण सी नाही, आणि प्रोग्रॅमिंगची रीत कुठेही छापलेली नाही. चिप एकदाच लिहिता येणारी, म्हणजे प्रयोग करताना चुकलं की ती टाकूनच द्यायची. तरी हौशी लोकांनी कंपनीचा प्रोग्रॅमर ऑसिलोस्कोपला आणि लॉजिक अ‍ॅनालायझरला लावला, पिनांवरचे संकेत टिपले, आदेश उकलले, स्वतःचा खुला प्रोग्रॅमर बनवला. एसडीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये पडाउकच्या चिपांसाठी आधारही आला. कंपनीचा कागद असता तर चार दिवसांत जे झालं असतं, ते अनेक जणांच्या अनेक महिन्यांच्या फावल्या वेळेने झालं.

यातून काही जण निष्कर्ष काढतात : ‘बघा, कागद दिला नाही तरी त्यांनी केलंच की!’ हा युक्तिवाद मला फार निर्लज्ज वाटतो. पडाउकला हौशी भेटले, कारण चिप इतकी स्वस्त होती की ती उकलणं हाच एक खेळ झाला. मधल्या किमतीच्या, मधल्या गुणवत्तेच्या शेकडो चिपांना असा खेळाडू मिळत नाही. लोक त्यांच्या वाटेलाच जात नाहीत, आणि न आलेल्या ग्राहकाची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नसल्यामुळे विक्री विभागाला त्याचा पत्ताही लागत नाही.

‘आमच्या प्रोग्रॅमरचा धंदा बसेल’ ही पुढची तक्रार. चिप कंपनीचा धंदा चिपांचा आहे. प्रोग्रॅमर हे चिप विकण्याचं साधन. मोठ्या कंपनीत साधनांचा विभाग वेगळा असतो, त्याला आपला खर्च आपण भागवून दाखवायचा असतो, म्हणून तो कागदावर बसून राहतो, हे मला कळतं. पण त्या विभागाचा ताळेबंद जुळावा म्हणून चिपची विक्री अडवणं हा त्या कंपनीचा घरचा प्रश्न आहे, आपण त्याला तत्त्वाचं रूप का द्यावं? शिवाय कारखान्यात एका वेळी डझनभर चिपा लिहिणारी यंत्रं विकत घेणारा माणूस आणि घरी डायोड डकवून प्रोग्रॅमर करणारा पोरगा हे एकमेकांचे स्पर्धक कधीच नव्हते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१० मध्ये एमएसपी४३० या मायक्रोकंट्रोलरचा लाँचपॅड बोर्ड, प्रोग्रॅमर-डिबगरसकट, ४.३० डॉलरला विकला. साधनातून कमाई करायची नाही असं मोठ्या कंपनीने ठरवलं तर ते जमतं, एवढं त्यावरून दिसलं.

‘आमच्या प्रोग्रॅमरच्या नकला निघतील’ या रडगाण्यात एक गंमत आहे, ती रडणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मायक्रोचिपने पीआयसीकिट २ या आपल्या प्रोग्रॅमरच्या सर्किटचा आराखडा, फर्मवेअर आणि संगणकावरच्या सॉफ्टवेअरचा स्रोत उघडा केला. लगेच जगभर त्याच्या नकला निघाल्या. पण प्रत्येक नकलेच्या पोटात एक पीआयसी१८एफ२५५० होती. प्रत्येक यूएसबीएएसपीत एक एटीमेगा. एसटी या चिप कंपनीच्या एसटी-लिंक व्ही२ प्रोग्रॅमरच्या स्वस्त नकलांतही सुरुवातीला एसटीचीच एसटीएम३२ होती. नक्कल करणाऱ्याने आधी मूळ कंपनीचं गिऱ्हाईक होऊन मग नक्कल केली! पुढे चिपांच्याच नकला निघाल्या, तो भाग वेगळा; त्याला प्रोग्रॅमरचा कागद उघडा असणं कारण नव्हे.

पीआयसीकिट २ नंतर काय झालं ते मात्र सांगायला हवं. २००९ मध्ये पीआयसीकिट ३ आला, आणि तो मिटलेला होता. जुन्या यंत्राचं वेगळं, सुटसुटीत सॉफ्टवेअर लोकांना आवडत असे. नव्यात सुरुवातीला तशी सोय नव्हती. हळूहळू नव्या चिपा पीआयसीकिट २ च्या यादीत येईनाशा झाल्या. हौशींनी मग ती यादीची फाइलच उघडून तिचा साचा समजून घेतला आणि आपल्या हाताने नव्या चिपा भरायला सुरुवात केली. म्हणजे कंपनीने ज्याला निवृत्त केलं, त्याला लोकांनी कामावर ठेवलं, कंपनीचीच नवी चिप विकली जावी म्हणून. या लोकांना मायक्रोचिपने काय द्यायला हवं होतं? टी-शर्ट? नव्या प्रत्येक चिपचे आठ-दहा आकडे त्या फाइलीच्या साच्यात दर तिमाहीला प्रसिद्ध केले असते तरी पुरलं असतं.

घरगुती प्रोग्रॅमरने लिहिलेल्या चिपच्या दर्जाचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. फ्लॅशमध्ये बिट नीट रुतलं नाही, व्होल्टेज थोडं कमी पडलं, तर चिप टेबलावर चालते आणि वर्षभराने कुठल्यातरी पंपाच्या पॅनेलमध्ये बसून विसरते. शिव्या मग कंपनीला. हे खरं आहे. पण याचं उत्तर मायक्रोचिपच्याच जुन्या कागदांत छापलेलं होतं. त्यात स्पष्ट म्हटलेलं असे की लिहिलेलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशा दोन्ही पुरवठा-व्होल्टेजवर पडताळणारा प्रोग्रॅमरच उत्पादनाच्या दर्जाचा. बाकीचे फक्त नमुना किंवा विकासाच्या कामाचे. यात कुणाला हाकललेलं नाही, खोटी आशाही दाखवलेली नाही. हौशी माणसाला कळतं की आपलं यंत्र कोणत्या पायरीवर आहे, वरची पायरी चढायला काय लागेल. दर्जाची काळजी असलेली कंपनी अशी पायरी आखते. कागदच लपवला तर हौशी माणूस अंदाजाने व्होल्ट देणार, अंदाजाने थांबणार, आणि ज्याची भीती होती ते नेमकं घडणार.

सुरक्षेचं कारण पुढे करतात त्यांना एवढंच : चिपमधला प्रोग्रॅम कुणी चोरू नये म्हणून चिपमध्ये कुलपाचे बिट असतात, ते मजबूत करा. लिहिण्याची रीत लपवल्याने ते मजबूत होत नाहीत.

भीतीपोटी कंपनी काय करून बसू शकते, याचा नमुना २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय या कंपनीने दाखवला. त्यांची यूएसबी-सिरियल चिप हौशी बोर्डांवर आणि स्वस्त प्रोग्रॅमरांवर सर्रास असे, आणि तिच्या बनावट प्रतींचा सुळसुळाट होता. विंडोज अपडेटमधून आलेल्या त्यांच्या नव्या ड्रायव्हरने बनावट चिप सापडली की तिचा ओळख-क्रमांक शून्य करून टाकला. यंत्र मेलं. ओरड झाली, ड्रायव्हर मागे घेतला. २०१६ मध्ये पुन्हा एक ड्रायव्हर आला, तो बनावट चिपवरून ‘हे अस्सल नाही’ अशा अर्थाचा मजकूर पाठवू लागला. एफटीडीआयचा बनावट चिपांवरचा राग रास्त होता, यात शंका नाही. पण मार कुणाला बसला? तपकीर गल्लीतून पन्नास रुपये जास्त देऊन ‘ओरिजिनल’ म्हणून केबल घेतलेल्याला. नकली माल बनवणाऱ्याच्या केसालाही धक्का लागला नाही. हौशी बोर्डांवर आता नानजिंगच्या डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३४० ही तशीच चिप सगळीकडे दिसते. त्याला स्वस्ताई हे मोठं कारण आहेच, पण एकदा स्वतःचं यंत्र ड्रायव्हरने मारलेला माणूस त्या कंपनीचं नाव विसरत नाही.

त्याच डब्ल्यूसीएचची सीएच३२व्ही००३ ही दहा सेंटच्या आतबाहेरची रिस्क-फाइव्ह चिप. चार्ल्स लोर यांनी तिच्यासाठी लिहिलेली खुली साधनं वापरून आज कुणीही कंपनीच्या भल्यामोठ्या सॉफ्टवेअरला हात न लावता ती लिहू शकतो. आणि रास्पबेरी पायने २०२१ च्या जानेवारीत आरपी२०४० आणला तेव्हा प्रोग्रॅमरचा प्रश्नच मोडीत काढला : बटण दाबून केबल लावा, चिप संगणकाला पेनड्राइव्हसारखी दिसते, फाइल तिच्यावर टाका. ती फाइल ज्या यूएफ२ साच्यात असते तो मूळ मायक्रोसॉफ्टचा, पण उघडा होता म्हणून सरळ उचलला. खोलात जाऊन डिबग करायचं असेल तर त्याच चिपचा, तेव्हा चार डॉलरचा, दुसरा पिको बोर्ड हाच प्रोब. त्यांनी लिहिण्याचा रस्ता चिपच्या रॉममध्येच बांधून दिला. याहून मोठं प्रोत्साहन स्पर्धेने दिलेलं मी पाहिलेलं नाही.

स्पर्धांबद्दल माझं मत कडवट आहे आणि ते तसंच ठेवतो. स्पर्धेत जिंकतो तो चिप वापरून काहीतरी चमकदार करणारा. चिप लिहिण्याचं साधन करणाऱ्याचं काम चमकदार नसतंच. तो तीनशे चिपांच्या यादीतल्या दोनशे एकाव्या चिपचं पान चुकीचं का लिहिलं जातंय, ते शोधत बसलेला असतो. त्याला हवे असतात ते निरनिराळ्या चिपांचे दोन-दोन नमुने, कारण यादीतली प्रत्येक चिप स्वतः विकत घेऊन तपासणं त्याला परवडत नाही. त्याला हवी असते चुकांची अद्ययावत यादी. त्याला हवा असतो कंपनीतला एक माणूस, ज्याला पत्र लिहिलं की आठवड्यात ‘हो, डेटाशीटमध्ये चूक आहे, खरा आकडा हा’ एवढं एका ओळीचं उत्तर येईल. त्याला कागद चिपच्या आधी किंवा निदान चिपबरोबर हवा असतो. दोन वर्षांनी नव्हे.

आणि परवाना. इथे कंपन्यांचे वकील कसला विनोद करतात बघा. रजिस्टरांचे पत्ते लिहिलेल्या हेडर फाइली मायक्रोचिपने दिल्या, पण त्या फक्त मायक्रोचिपच्याच चिपांसाठी वापरायच्या, अशी अट घालून. पीआयसीच्या रजिस्टरांचे पत्ते दुसऱ्या कुणाच्या चिपला उपयोगी तरी पडणार आहेत का? पण अट आहे म्हटल्यावर मुक्त परवान्याशी जुळेना, आणि एसडीसीसीच्या कर्त्यांना पीआयसीच्या लायब्ररी वेगळ्या, ‘नॉन-फ्री’ कप्प्यात ठेवाव्या लागल्या. ज्या अटीने कंपनीचं काहीही राखलं नाही, तिने कंपनीच्याच चिपला मुक्त कंपायलरच्या मागच्या दाराशी बसवलं. हीच मायक्रोचिप २०१६ मध्ये अ‍ॅटमेल विकत घेऊन एव्हीआरची मालक झाली. नव्या एव्हीआरमध्ये एकाच तारेचं यूपीडीआय हे लिहिण्याचं माध्यम आलं. त्याने मेमरी कशी लिहायची ते डेटाशीटमध्ये होतं, म्हणून साध्या यूएसबी-सिरियल अ‍ॅडॉप्टरवर चालणारे प्रोग्रॅमर झटपट निघाले; नंतर कंपनीने स्वतःच पायमसीयूप्रॉग हे साधन खुलं केलं आणि त्यात त्याच स्वस्त वायरीची सोय ठेवली. एकाच कंपनीच्या दोन हातांतलं अंतर यातून मोजता येतं.

आता आपल्या घरचं. सी-डॅकने वेगा मालिकेतले रिस्क-फाइव्ह प्रोसेसर केले आहेत, त्यांतल्या एकावर आधारलेली तेजस३२ चिप घेतलेले एरीज बोर्ड आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून चालतात. आयआयटी मद्रासने शक्ती हा प्रोसेसर केला. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने चिपच्या डिझाइनसाठी डीएलआय योजना जाहीर केली : पात्र खर्चाच्या निम्म्यापर्यंत परतावा, कमाल १५ कोटी, शिवाय विक्रीवर पाच वर्षं सहा ते चार टक्के, कमाल ३० कोटी. तिची अंमलबजावणी बघणारी संस्था सी-डॅक, मुख्यालय पुण्यात. या पैशातून निघणाऱ्या मायक्रोकंट्रोलरांपुढे प्रश्न असा असणार आहे, की एसटीएम३२ आणि ईएसपी३२ वर हात बसलेल्या पोराने ते का उचलावेत. देशाभिमानाने पहिला बोर्ड विकला जाईल. दुसऱ्यासाठी चिप सहज लिहिता आली पाहिजे.

म्हणून माझी मागणी हॅकेथॉनची नाही. डीएलआयच्या परताव्याचा शेवटचा हप्ता सोडण्यापूर्वी अर्जदाराने मायक्रोकंट्रोलरचं पूर्ण प्रोग्रॅमिंग स्पेसिफिकेशन, कुठल्याही सहीविना, सार्वजनिक ठेवलेलं असावं. मेमरीचा नकाशा आणि ओळख-क्रमांक संगणकाला वाचता येईल अशा फाइलीत असावेत, आणि त्या फाइलीवर एक साधा, अट न घालणारा परवाना असावा. बूटलोडर रॉममध्ये असेल तर त्याची भाषा छापलेली असावी, अ‍ॅटमेलने एसटीके५००ची छापली तशी. कोणत्या कसोट्या पार केल्या तर प्रोग्रॅमरला उत्पादनाच्या दर्जाचा म्हणायचं, ते त्याच कागदात असावं. आणि साधनं बनवणाऱ्या माणसांसाठी नमुन्यांची एक लहानशी पेटी. ‘एवढं करायला खर्च कोण देणार?’ असं विचारलं जाईल. ही माहिती कंपनीकडे असतेच. ती नसेल तर तिची स्वतःची चिप कारखान्यातसुद्धा लिहिली जाणार नाही. राहिलं ते नीट टाइप करणं, एका इंजिनिअरचे काही आठवडे. १५ कोटींच्या परताव्यात तेवढ्याची तरतूद अर्जाच्या पहिल्याच पानावर करता येते.